आईच्या डब्यात एकच गोळी, दोन नावांनी

दुधनाकाठचा | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, हा धागा काढायला आठ दिवस लागले. लिहायला बसलं की स्वतःचीच लाज वाटायची. पण इथल्या बऱ्याच जणांचे आईवडील गावाकडं एकटे असतात, आणि त्यांचा गोळ्यांचा डबा आपण दिवाळीलाच काय तो उघडतो. म्हणून लिहितो.

आई ७१ वर्षांची. गाव सेलू तालुक्यात. शुगर चौदा वर्षांची, बीपी त्याहून जुनं, गुडघे शेतात वाकून वाकून गेलेले. आषाढी एकादशी ती पूर्वी निरंकार करायची, अलीकडं दोन केळी आणि बिनसाखरेच्या चहावर आली आहे. यंदा मी योगायोगानं घरी होतो.

द्वादशीच्या पहाटे चारला तांब्या पडल्याचा आवाज आला. आई ओसरीवर बसलेली, तांब्या आडवा, पाणी पार उंबऱ्यापर्यंत. बाहेर गार वारं सुटलेलं आणि हिचं लुगडं घामानं पाठीला चिकटलेलं. हातात धुतलेलं एक पातळ. त्याची घडी घालायची, उलगडायची, परत घालायची. मला बघून म्हणाली, "नाना आला का रे? त्येला पानी दे आधी." नानामामाला जाऊन अकरा वर्षं झाली.

शेजारच्या काकू आल्या. त्या म्हणाल्या, एकादशीचं अंगात आलंय, कुंकू लावा. बायकोला वाटलं अंगावरून वारं जायला लागलंय. मला वाटलं, झालं, म्हातारपणाचं विसरणं सुरू झालं. चौदा वर्षांची शुगर घरात, पण तिघांपैकी एकाच्याही डोक्यात शुगर आली नाही! ग्लुकोमीटर मीच आणून दिलेला. तो कपाटात, पट्ट्या देव्हाऱ्याच्या फळीवर. सापडेस्तोवर दहा मिनिटं गेली. आकडा आला ४१.

तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी ७८. आई भानावर आली, "माजं पातळ कुनी भिजवलं?" म्हणून माझ्यावरच खेकसली. आम्ही हसलो, चहा केला. साडेसहाला परत घाम, जीभ जड. ४७. मग मात्र गाडी काढली आणि वाटेत साखरपाण्याचे घोट देत परभणी गाठली. तिथं दीड दिवस ग्लुकोजचं सलाईन चाललं. किडनी किती चालते ते सांगणारं क्रिएटिनिन २.१ निघालं, म्हणजे वाढलेलं.

डॉक्टरांनी चालू औषधी मागितली. मी बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणून पलंगावर पालथा केला. सिस्टरनं दोन पाकिटं उचलली, एक गुलाबी आणि एक पांढरं, नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. तिनं ती उलटी करून खालची बारीक अक्षरं दाखवली. दोन्हींवर शुगरची ग्लिमेपिराइड, २ मिलिग्रॅम. एक तालुक्याच्या डॉक्टरांची जुनी, दुसरी मे महिन्यात शहरात दाखवलं तेव्हाची. जुना कागद तिथं कुणी दाखवलाच नव्हता. कागद घरी विसरून गेलो होतो मीच.

वर तीन आठवडे गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, दिवसाला दोन. एकादशीच्या आधी दोन दिवस जुलाब. आणि उपवासाच्या दिवशी दोन्ही शुगरच्या गोळ्या न चुकता, कारण "गोळी चुकवायची न्हाई आसं डागदरनंच सांगितलंय."

आई आता बरी आहे. मला तुमच्याकडून ऐकायचंय ते असं: वय झालं, ऊन लागलं, उपवास झाला, नजर लागली असं म्हणून तुम्ही काय सोडून दिलंत, जे खरं तर गोळीचं होतं?

---

मोंढ्यावरचा | रात्री १०.०५

अण्णांचा खोकला. चार महिने कोरडा, ठसका लागला की पाणी यायचं डोळ्यांतून. रात्री जास्त. छातीचा फोटो काढला, थुंकी दोनदा तपासली, टीबी नाही. सिरपच्या बाटल्यांनी कोनाडा भरला. आईनं ज्येष्ठमध, सुंठ, आडुळसा सगळं करून पाहिलं. शेवटी जालन्यात एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, बीपीची गोळी कोणती आणि कधीपासून? रॅमिप्रिल, पाच महिन्यांपासून. ती बदलून टेल्मिसार्टन दिली, महिन्याच्या आत खोकला गेला. कोनाड्यातल्या बाटल्या मात्र अजून आहेत. आई टाकू देत नाही, पैसे पडलेत म्हणते.

---

नांदेडचा_फिजिशियन | रात्री ११.२०

दुधनाकाठचा, लाज वाटून घेऊ नका. माझ्या ओपीडीत हे दर एकादशी-चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दिसतं, आणि रमजानमध्येही.

साखर ७० च्या खाली गेली की मेंदू उपाशी पडायला लागतो. उपाशी मेंदू काहीही करतो. माणूस बडबडतो, शिव्या देतो, हसतो, एकच काम पुन्हा पुन्हा करतो. कधी एक बाजूही लुळी पडते, अगदी वारं गेल्यासारखी. म्हणून शुगरची औषधं घेणारा माणूस अचानक वेगळा वागला तर आधी बोट टोचा. यंत्र नसेल तर साखर उतरली आहे असंच धरा. साखर चढलेली असली तरी तीन चमच्यांनी फारसं बिघडत नाही, उतरलेली असली आणि दिली नाही तर मात्र बिघडतं. गिळता येत असेल तरच द्यायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतलं की ते फुफ्फुसात जातं.

तुम्ही एकदा ७८ बघून चहा केलात, तिथं बहुतेक जण फसतात. ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड ही मंडळी खाणं असो-नसो, स्वादुपिंडातून इन्शुलिन काढतच राहतात. किडनी मंदावली की त्यांचा अंमल लांबतो. अशा गोळीनं साखर उतरली तर बरं वाटलं तरी दवाखान्यात देखरेखीखाली राहावं लागतं. नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा असं होत नाही.

आणखी एक. बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशी गोळी चालू असेल तर साखर उतरताना धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो. तुमच्या आईचं भिजलेलं लुगडं हाच तेवढा निरोप होता.

आता गुडघ्याची गोळी. ती, बीपीची 'प्रिल' किंवा 'सार्टन' शेवट असलेली गोळी, आणि लघवी वाढवणारी गोळी, ही तीन एकत्र आली आणि वर जुलाब किंवा आपलं ४३ अंशांचं ऊन, तर किडनी चार दिवसांत बसू शकते. लघवी कमी होते, गडद होते, पायावर-चेहऱ्यावर सूज येते, मळमळतं. जुलाब-उलट्या चालू असताना यातल्या काही गोळ्या दोन-तीन दिवस थांबवाव्या लागतात, पण कोणत्या ते आपल्या डॉक्टरांना फोन करून ठरवा. तो फोन बहुतेक लोक करत नाहीत. डॉक्टरला कशाला त्रास द्यायचा म्हणतात. द्या हो त्रास.

---

औषधीवाला_२२वर्षे | रविवार, सकाळी ७.१५

दुकान उघडायच्या आधी लिहितो.

आमच्याकडं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ती लाल गोळी द्या." बीपीची? "व्हय, तीच." लाल रंगाच्या बीपीच्या गोळ्या माझ्याकडं चार आहेत. त्याच गोळीचा रंग दुसऱ्या कंपनीत पांढरा. रंगावर जाऊ नका, मोठ्या नावावरही जाऊ नका. पाकिटावर बारीक अक्षरात जे लिहिलंय ते खरं नाव. आणि दर वेळी एकाच मेडिकलमधून घ्या, म्हणजे दुकानदाराच्या तरी ध्यानात येतं की हीच गोळी मागल्या आठवड्यात दुसऱ्या नावानं गेलीय.

पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. आम्ही देतो का? खोटं कशाला बोलू, देतात. डायक्लोफिनॅक तर गोळ्या-बिस्किटासारखी जाते. दुधनाकाठचे, तुमच्या आईला ज्यानं तीन आठवडे दिली तो माझ्यासारखाच कुणीतरी.

एक प्रसंग सांगतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असते, आठवड्यातून एकच दिवस घ्यायची. एका मावशीला कागदावर लिहून दिलेलं, पण घरी वाचणारी नात शाळेत. मावशीनं रोज एक घेतली, सहा दिवस. सातव्या दिवशी माझ्याकडं आली ती तोंड आल्याचं मलम मागायला. भाकरी गिळवत नाही म्हणाली. मी मलम काढून काउंटरवर ठेवलं सुद्धा! मग सहज विचारलं, मावशी, दुसरं काय चालू हाय? पिशवीतनं पाकीट निघालं, सहा खळगे रिकामे. तसंच रिक्षात घालून पाठवलं. पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. पंधरा दिवस दवाखान्यात राहिली, वाचली.

तेव्हापासून ती गोळी देताना पाकिटावर स्केचपेननं 'फक्त सोमवार' लिहितो आणि ज्याला वाचता येत नाही त्याला बाजाराचा वार सांगतो. आमच्याकडं बाजार सोमवारी भरतो. बाजाराला निघताना गोळी. हे कुणी विसरत नाही.

---

कडुलिंब_काका | सकाळी ८.३०

म्हणूनच मी सांगत असतो, हे विषच आहे. आमच्या आज्यानं ९२ वर्षं एक इंग्रजी गोळी घेतली नाही. आयुर्वेदाला साइड इफेक्ट नाहीत.

---

सखूची_लेक | सकाळी ९.१०

काका, तुमच्या आजोबांना नमस्कार. पण माझ्या मावशीचं ऐका.

दर गुरुवारी एक जण जीपनं यायचा. सांधेदुखीच्या पुड्या, राखाडी रंगाच्या, "शंभर टक्के जडीबुटी". दोन दिवसांत मावशी पळायला लागली. सगळ्या गल्लीनं लावल्या. सहा महिन्यांत तिचा चेहरा पुरणपोळीसारखा गोल झाला, मानेमागं चरबीची गाठ आली, हातापायाच्या काड्या, जरा लागलं की काळंनिळं. लोक म्हणायचे अंग धरलंय. शुगर कधीच नव्हती, ती चारशेवर गेली. मग तो जीपवाला यायचा बंद झाला, पुड्या संपल्या, आणि आठवड्यात ती उठता उठता चक्कर येऊन पडायला लागली, उलट्या, बीपी लागेना. डॉक्टर म्हणाले पुडीत स्टिरॉइड होतं. इतके महिने बाहेरून मिळाल्यामुळं शरीरानं स्वतःचं बनवणं थांबवलेलं.

ती पुडी आयुर्वेद नव्हतीच, हे मलाही कळतं. पण विकताना त्याच नावानं विकली ना. दोन दिवसांत पळायला लावणारं कोणतंही औषध असलं की मला तरी आता भीती वाटते.

---

कडुलिंब_काका | सकाळी ९.२५

भोंदूंचं खापर वैद्यांवर फोडू नका.

---

नांदेडचा_फिजिशियन | सकाळी ९.५०

काका, वैद्यांवर कुणी फोडत नाहीये. चांगले वैद्य स्वतःच विचारतात, इतर काय चालू आहे. माझं म्हणणं एवढंच की काढा, भस्म, पुडी, शेजारणीनं दिलेली गोळी, सगळं डॉक्टरांना सांगा. आमच्यापैकी काही जण ऐकून ओरडतात, म्हणून लोक लपवतात. ती चूक आमची.

---

फडावरची_पोर | दुपारी १.४०

मी बीडकडची. आईबाप ऊसतोड करायचे, आता भाऊ जातो. फडावर पाटं तीनला उठायचं, मोळी डोक्यावर, ट्रक भरेस्तोवर रात. अंगदुखीची गोळी ही आमच्यात चहावानी. किराणा दुकानात सुटी मिळते, कोन्ती हाय ते कुनाला ठावं नसतं. उपाशीपोटी चहासंगं दोन टाकायच्या अन् कोयता उचलायचा.

माज्या बापाला काळी संडास व्हायची. नुस्ती काळी न्हाई, डांबरावानी, चिकट, अन् घाण वास. तो म्हनायचा उष्णता पडलीय, ताक पी. दम लागायला लागला तवा म्हनले वय झालं. एक दिवस मोळी उचलताना खाली बसला तो उठंना. हिमोग्लोबिन ५. पोटात अल्सर हून रगत चाललं होतं, कितीक दिसांपासून देव जाने.

डाक्टरनं इचारलं, संडासचा रंग कामून सांगितला न्हाई? आता असं कुनी सांगतं का वो? पोरीसमोर बाप सांगंल? मी नर्सिंगला गेले ती त्याच्यामुळंच. आता घरी पैला सवाल संडासचा इचारते, भाऊ लाजतो.

(लोहाच्या गोळ्यांनी बी काळी होते, ती भीतीची न्हाई. पन ती डांबरावानी चिकट नसती अन् वास बी तसा नसतो. शंका असली तर दाखवून टाकावं.)

---

गटप्रवर्तक_ताई | दुपारी ३.००

फडावरची_पोर, तुझा प्रतिसाद आमच्या आशांना वाचून दाखवणार आहे.

आमच्याकडं उलटंही होतं. जे घाबरण्यासारखं नाही त्याला लोक घाबरतात आणि औषध सोडतात. टीबीची गोळी सुरू केली की लघवी लालसर-नारिंगी होते, घाम आणि डोळ्यांतलं पाणीही. ते त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधाचं, त्यात काही नाही. वसमतकडचा एक पेशंट "लघवीतनं रक्त चाललंय" म्हणून तिसऱ्याच दिवशी गोळ्या उकिरड्यावर टाकून मोकळा. दुसरा एक बरोबर उलटा. उलट्या होत होत्या, जेवणावरची वासना गेली, डोळे पिवळे, तरी "ताई म्हनल्या सहा म्हैने सोडायचं न्हाई" म्हणून मुकाट घेत राहिला. कावीळ झाली की त्याच दिवशी कळवायचं असतं. लिव्हरला सोसत नसेल तर डॉक्टर गोळ्या थांबवून मग एकेक करून परत सुरू करतात. दोघांनाही मीच समजावलं होतं. पहिल्याला कमी, दुसऱ्याला जास्त झालं बहुतेक.

हातापायाला मुंग्या आल्या तरी सांगावं, त्याला बी-६ ची गोळी असते. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखू येईना तर लगेच, ते टीबीच्याच एथॅम्ब्युटॉल या औषधामुळं असू शकतं. मी घरभेटीला जाते तेव्हा मिरच्या दाखवते, हिरवी कोणती, लाल कोणती.

---

उजनीपाटी | सायंकाळी ५.३०

धागा चांगला आहे पण एक भीती वाटते, म्हणून लिहितोय. माझ्या वडिलांनी असंच काहीतरी मोबाइलवर वाचलं की बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते. कुणाला न सांगता बंद केल्या. दोन महिने ठणठणीत, "बघा, काही झालं का?" म्हणायचे. एक दिवस सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळायला लागलं. बोलणं बोबडं. काकांनी ठरवलं की अंगावरून वारं गेलंय, वाऱ्याचं औषध देणारा अमुक गावात आहे. तिकडं नेलं, तेल चोळलं, दुपार झाली. शहरात पोचलो तोवर आठ तास. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे तिथं कळलं. बाबांचा उजवा हात अजून चालत नाही, ते डाव्या हातानं जेवतात.

त्यामुळं डबे तपासा, पण परस्पर बंद करू नका.

---

येळवस | रात्री ८.४५

मी वाचनमात्र असते, पण आज विचारायचंय. पुतण्या ९ वर्षांचा. त्याला झटके येतात म्हणून कार्बामॅझेपिन सुरू केली, आज तेरावा दिवस. कालपासून ताप, डोळे लाल. आज छातीवर आणि पाठीवर लाल-जांभळे डाग, ओठ सुजलेत आणि तोंडात फोड आलेत, पाणीसुद्धा पीत नाही. सासूबाई म्हणतात माता आल्यात, घराबाहेर काढायचं नाही, दारात लिंब लावलाय. गोळी चालूच आहे. आम्ही औशाजवळ राहतो. सकाळी दाखवलं तर चालेल का?

---

नांदेडचा_फिजिशियन | रात्री ८.५२

नाही. आत्ता निघा.

नवी फिटची गोळी, पहिले काही आठवडे, ताप, डाग आणि तोंडात-डोळ्यांत त्रास, हे औषधाचं गंभीर रिअ‍ॅक्शन असू शकतं. यात कातडी सोलपटून निघू शकते आणि डोळे कायमचे जाऊ शकतात. रात्रीची गोळी देऊ नका. पण गोळी बंद केली म्हणून घरीही थांबू नका, झटके परत येऊ शकतात, दुसरं औषध दवाखान्यातच ठरेल. जवळच्या क्लिनिकमध्ये वेळ घालवू नका. लातूरला मोठ्या सरकारी दवाखान्यात, जिथं लहान मुलांचे, कातडीचे आणि डोळ्यांचे डॉक्टर एका ठिकाणी आहेत. १०८ लावा, किंवा गाडी असेल तर थेट. गोळीचं पाकीट बरोबर घ्या, ते सगळ्यात महत्त्वाचं. अंगाला काही चोळू नका, फोड फोडू नका.

सासूबाईंना सांगा, माता आल्या असतील तरी दवाखान्यात नेल्यानं त्या रागावणार नाहीत.

---

गटप्रवर्तक_ताई | रात्री ८.५८

येळवस ताई, १०८ ला उचलला नाही किंवा उशीर म्हणाले तर इथंच लिहा. मी जागी आहे.

---

येळवस | रात्री ९.०६

शेजारच्यांची गाडी मिळाली. निघालो.

---

मोंढ्यावरचा | रात्री ११.३०

काही कळलं का?

---

औषधीवाला_२२वर्षे | सोमवार, सकाळी ७.००

अजून काही नाही. तोवर लिहितो. असं रिअ‍ॅक्शन सल्फा, फिटच्या काही गोळ्या, युरिक अ‍ॅसिडची अ‍ॅलोप्युरिनॉल यांचं जास्त ऐकलंय. पाळीच्या पोटदुखीला बायका सर्रास घेतात ती मेफेनॅमिक अ‍ॅसिड, तिच्याबद्दलही नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारी सूचना निघाली होती. डाग, ताप, गाठी सुजणं असं दिसलं तर लक्ष द्या म्हणून. क्वचित होतं, पण होतं.

असं काही झालं तर कळवायची सोयही आहे, कुणाला माहीत नसते. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडं फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवायचा कार्यक्रम आहे, तो २०१० मध्ये सुरू झाला. फोन १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत. डॉक्टरच हवा असं नाही, पेशंटही कळवू शकतो. हा तातडीच्या मदतीचा नंबर मात्र नव्हे, ऑफिसच्या वेळेतच लागतो.

---

शिरूरचा_पाव्हणा | सकाळी ८.१५

पायाची सूज राहिली. वडिलांना अ‍ॅम्लोडिपिन सुरू केली, दोन महिन्यांत संध्याकाळी चपला घट्ट व्हायला लागल्या. मीठ बंद केलं. मग एका डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. तिनं पोटॅशियम उतरलं, रात्री पोटऱ्यांत गोळे. मग गोळ्यांची (म्हणजे पोटऱ्यांतल्या) गोळी. चौथ्या महिन्यात तिसऱ्या डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन बदलली आणि बाकी दोन्ही बंद. एका गोळीच्या त्रासावर दुसरी, दुसरीच्या त्रासावर तिसरी. आमच्या वडिलांनी त्याला नाव ठेवलंय, 'गोळ्यांची भावकी'.

---

नांदेडचा_फिजिशियन | सकाळी ८.४०

'गोळ्यांची भावकी' मी चोरणार.

फक्त एक सांगतो, नाहीतर लोक प्रत्येक सूज अ‍ॅम्लोडिपिनच्या माथी मारतील. दोन्ही पायांना सारखी, संध्याकाळी वाढणारी, सकाळी कमी होणारी सूज असेल तर पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालतं. एकाच पायाला आली, पोटरी दुखते, गरम लागते, तर शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी या. सूज आणि आडवं पडलं की दम लागत असेल तर हृदय बघावं लागतं, तेही त्याच दिवशी. आणि रॅमिप्रिल-एनालाप्रिल घेणाऱ्याचे ओठ किंवा जीभ सुजली तर तासाचाही उशीर नको, घसा बंद होऊ शकतो. गोळी पाच वर्षं सोसली म्हणजे आता काही होणार नाही असं त्यात नसतं.

---

येळवस | सकाळी ११.२०

आत्ता फोन चार्ज झाला. रात्री दहाला पोचलो, लगेच दाखल केलं. गोळीचंच आहे म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रात्रीच बघितलं, दर दोन तासांनी थेंब चालू आहेत. झटक्यांसाठी दुसरं औषध दिलंय. पाकीट नेलं होतं म्हणून पहिल्या पाच मिनिटांत कळलं, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. सासूबाई बाहेर बाकड्यावर बसून आहेत, कुणाशी बोलत नाहीत.

---

फडावरची_पोर | सकाळी ११.३१

त्यांना चहा पाजा ताई. त्यांनी बी पोराच्या मायेनंच केलं.

---

येळवस | आठ दिवसांनी, दुपारी २.१०

पोरगं आज दहीभात खाल्लं. पाठीची कातडी अजून निघते आहे, पण नवीन फोड नाहीत, डोळे उघडतो. डिस्चार्जच्या कार्डावर लाल शाईनं कार्बामॅझेपिन लिहून दिलंय, पुन्हा कधीच द्यायची नाही. मिळतीजुळती नावंही खाली लिहिलीत. सासूबाईंनी ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात ठेवलंय.

---

दुधनाकाठचा | आठ दिवसांनी, रात्री ९.३०

येळवस ताई, वाचून अंगावर काटा आला. सगळ्यांचे आभार. आईचं क्रिएटिनिन १.४ वर आलंय, गुडघ्याची गोळी बंद. पत्र्याचा डबा मी फेकणार होतो, पण तिनं त्यात सुया-दोरे भरून टाकलेत. आता एका वहीत प्रत्येक गोळीचं बारीक अक्षरातलं नाव मोठ्या अक्षरात लिहिलंय आणि पट्ट्या ग्लुकोमीटरच्या पिशवीतच ठेवल्यात.

पुढची एकादशी येतेय. तिनं विचारलंय, जसंच्या तसं लिहितो: "ती धरू का नको, तुज्या फोनातल्या डागदरला इचार."

---

नांदेडचा_फिजिशियन | रात्री १०.१५

आधी वहीच्या पानाचा फोटो पाठवा. मग सांगतो.